पेढे वाटून झाल्यावर

रविवारी दुपारी पावणेचारला आपाचा फोन आला तेव्हा आम्ही जेवून नुकतेच आडवे झालो होतो. "दुसरा आला! आणि सगळ्या सीझनमध्ये तिसरा! झोपताय काय, या लवकर," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

आपा आमची थोरली बहीण. तिचा धाकटा मुलगा मोटरसायकलच्या शर्यतीत उतरतो हे या सदराच्या वाचकांना ठाऊक नसेल. वर्षभर आम्ही त्यावर मुद्दामच लिहिलं नाही. पोरगा पडला-झडला असता तर लोक म्हणाले असते, मामूची नजर लागली. शिवाय हा उद्योग आम्हांला स्वतःलाच पटलेला नव्हता.

आम्ही पोचलो तोवर घरात दोन किलो पेढे आले होते. थोरली भाची ताटल्या भरत होती आणि आपा डोक्यावर पदर घेऊन दारात उभी. गल्लीत वीस-बावीस घरं. सगळीकडे ताटली गेली. समोरच्या काकूंनी "कशाचे हो?" असं विचारलं, तेव्हा आपानं त्यांना दारातच सगळी शर्यत सांगितली. तिनं शर्यत पाहिली नव्हती, पण सांगितली मात्र फार छान.

सव्वापाचला दुसरा फोन आला. तो दुल्हेभाईंनी घेतला. "हां, बोल," म्हणाले. मग "बरं." मग "किती?" आणि पुन्हा "बरं." फोन खाली ठेवून ते हातातल्या अर्ध्या पेढ्याकडे बघत राहिले.

"बारावा," ते म्हणाले. "दंड बसला. सीझनमध्ये पाचवा."

आता थोडं मागं जायला हवं.

दुल्हेभाईंचं कोल्हापुरात दुचाकीचं गॅरेज आहे, तीस वर्षांचं. पोरगा तिथंच पाना-स्क्रूड्रायव्हर खेळत मोठा झाला. दहावीनंतर त्याला रात्री मित्रांबरोबर हायवेवर गाडी पळवायची सवय लागली. एकदा पोलिसांनी पकडलं, गाडी जमा केली. दुल्हेभाईंनी त्या रात्री आवाज चढवला नाही. सकाळी म्हणाले, "पळवायचीच असेल तर जिथं समोरनं ट्रक येत नाही तिथं पळव." आम्हांला वाटलं, बापानं हात टेकले. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. देशात २०२२ साली रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांतली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची होती. गॅरेजवाल्याला हे आकडे कुणी सांगावे लागत नाहीत. वाकलेले हँडल आणि चेंबलेल्या टाक्या त्याच्याच दारात येतात, आणि कधी कधी गाडी येते पण ती न्यायला मालक येत नाही. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात, वळणाबाहेर रेतीचे पट्टे असतात, अँब्युलन्स उभी असते, अंगात पूर्ण चामड्याचा सूट असतो. ते म्हणाले, धोका तिथंही आहे, पण तो मोजलेला आहे.

आपाला हे मोजमाप कधीच मान्य झालं नाही. भाच्याच्या खोलीत तोप्राक रझगातलोग्लूचं पोस्टर होतं. हा तुर्कस्तानचा रेसर २०२१ साली सुपरबाइकचा जगज्जेता झाला. पोस्टरचं तिला कौतुक होतं, आपल्यातला पोरगा म्हणून. मग कुणीतरी सांगितलं की त्याचे वडील दुचाकीच्या कसरतींसाठी त्यांच्या देशात नावाजलेले होते आणि २०१७ साली अपघातात गेले. त्याच दिवशी पोस्टर भिंतीवरून कपाटामागं गेलं.

मग बापलेकात करार झाला. एक सीझन. राष्ट्रीय मालिकेत नवख्यांचा वेगळा गट असतो, त्यात उतरायचं. पहिल्या तिघांत आला तर पुढचा सीझन. नाही आला तर मुकाट गॅरेजवर बसायचं आणि रेसचं नाव काढायचं नाही. साक्षीदार आम्ही. आम्ही तेव्हा मनात म्हटलं होतं, बरं झालं, वर्षभरात प्रश्न मिटेल.

वर्षभर त्या पोरानं काय केलं ते आम्ही जवळून पाहिलं नाही, नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. शर्यतीचं लायसन्स असंच मिळत नाही. आधी मान्यताप्राप्त शाळेत ट्रॅकवर गाडी चालवायचं शिक्षण, मग डॉक्टरचा दाखला. सूट जुना घेतला, दुसऱ्याच्या मापाचा. तो गुडघ्यात ढिला होता, म्हणून बॅगा शिवणाऱ्या एका चाचांकडून आत टीप मारून घेतली. गाडी १६५ सीसीच्या आतली, आपल्या गल्लीत दूधवाल्याकडे असते तसलीच. आरसे, दिवे, इंडिकेटर काढायचे, आणि तेल गळून ट्रॅकवर सांडू नये म्हणून इंजिनाचे बोल्ट तारेनं बांधायचे. हे सगळं बापलेक रात्री गॅरेज बंद झाल्यावर करत. दोघं दिवसभर एकमेकांशी चार शब्द बोलत नसत, पण रात्री बाराला आपा जेवायला हाक मारायची तर कुणी उठायचं नाही.

मग गाडी छोट्या हत्तीत घालून चेन्नई. आमच्या गावाबाहेरून जाणारा पुणे-बंगळूर हायवेच पुढं कृष्णगिरी, वेल्लोर करत चेन्नईकडे जातो, आणि चेन्नई यायच्या अलीकडे, श्रीपेरुम्बुदूर ओलांडल्यावर इरुंगट्टुकोट्टई इथं त्याच रस्त्याच्या अंगाला तो ट्रॅक आहे. म्हणजे ज्या रस्त्यावर त्याला पोलिसांनी पकडलं, तोच रस्ता धरून पोरगा शर्यतीला जायचा. हजारेक किलोमीटर. ट्रॅक पावणेचार किलोमीटरला जरासा कमी, बारा वळणांचा. नवख्यांची शर्यत सहा लॅपची. एका लॅपला सव्वादोन मिनिटं धरा, म्हणजे सगळी शर्यत साडेतेरा मिनिटांत संपते. दोन दिवस जायला, दोन दिवस यायला, आणि साडेतेरा मिनिटं. आम्ही एकदा हे त्याला ऐकवलं तर म्हणाला, "मामू, लग्नात तरी कबूल म्हणायला किती वेळ लागतो?"

शेवटच्या राउंडला जाताना तो यादीत तिसरा होता, चौथ्यापेक्षा सहा गुण पुढं. शनिवारची शर्यत बरी झाली, चौथा आला. रविवारची राहिली होती.

शर्यत सुरू होताना काय होतं ते सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं. गाड्या रांगांत उभ्या राहतात. पहिला गिअर टाकलेला, क्लच दाबलेला, इंजिन ओरडत असतं. समोर लाल दिवे लागतात. दिवे विझले की सुटायचं. हिरवा दिवा नसतो, नुसतं विझणं. ते किती सेकंदांत विझतील याचा अंदाज कुणाला येऊ नये अशीच व्यवस्था असते. दिवे विझायच्या आधी गाडी वीतभर जरी सरकली तरी दंड. प्रत्येक रांगेवर डोळा ठेवायला माणसं असतात. दंड म्हणून शर्यतीच्या वेळात दहा सेकंद वाढवले गेले.

दहा सेकंद म्हणजे काय मोठं, असं आम्हांलाही वाटलं. पण या छोट्या गाड्यांची ताकद सारखीच असते. सगळे एकमेकांच्या मागं, पुढच्यानं फोडलेल्या हवेत शिरून पळतात. शेवटच्या रेषेवर पाच-सहा गाड्या एका सेकंदाच्या आत येतात. तिथं दहा सेकंद म्हणजे सगळं गाव पुढं निघून जाणं. पोरगा रेषा दुसऱ्या नंबरनं ओलांडून आला होता. हात वर करून आला होता. निकालाचा कागद फळ्यावर लागला तेव्हा त्याचं नाव शोधायला बोट खाली खाली न्यावं लागलं.

हे काही जगात पहिल्यांदा झालं नाही. २०१४ साली अमेरिकेत ऑस्टिनच्या शर्यतीत होर्हे लोरेन्झो दिवे विझायच्या कितीतरी आधी सुटला आणि दंड भोगून दहावा आला. तोवर तो मोटोजीपीत दोनदा जगज्जेता झालेला होता. २००६ साली वॅलेन्सियाला वॅलेंटिनो रॉसी शेवटच्या शर्यतीला आठ गुण पुढं होता. साध्या वळणावर पडला, उठून तेरावा आला आणि पाच गुणांनी किताब निकी हेडनकडे गेला. तोप्राकचे उस्ताद केनान सोफुओग्लू पाच वेळा सुपरस्पोर्टचे जगज्जेते, पण २०१७ साली सीझन संपत आला असताना पडले, कमरेचं हाड मोडलं आणि तो किताब हातचा गेला. ही सगळी नावं आम्हांला भाच्यानंच नंतर सांगितली, बोटांवर मोजत. पण त्या मोठ्यांच्या मागं पुढचा सीझन उभा असतो, कंपनी असते, पगार असतो. आमच्या पोराच्या मागं करार उभा होता.

रविवारची संध्याकाळ त्या घरात फार वाईट गेली. कुणी रडलं नाही, कुणी रागावलं नाही, नुसत्या रिकाम्या ताटल्या एकेक करून परत येत होत्या. आपल्याकडे ताटली रिकामी परत करत नाहीत. कुणी दोन केळी घातलेली, कुणी मूठभर साखर, एका घरातून तर पोरासाठी पन्नास रुपयांची नोट. आपा ती नोट हातात धरून बसली होती.

मगरिबनंतर मशिदीबाहेर दोघातिघांनी दुल्हेभाईंना मुबारकबाद दिली. ते "शुक्रिया" म्हणाले आणि चालू लागले. आम्ही बरोबरच होतो. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "कुणाकुणाला समजावत बसू?" आम्हांला ते बरोबरच वाटलं. शर्यतीतलं कुणाला कळतंय? दोन दिवसांत लोक विसरतील. खरं सांगायचं तर आमचा सल्लाही तोच होता.

सोमवारी सकाळी दहाला आपा घराबाहेर पडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी घरं फिरली. दारातच उभी राहून म्हणायची, "काल पेढे दिले होते ना, तो निकाल बदलला. बारावा आला. सुटायच्या आधी गाडी हलली म्हणून दंड झाला." पन्नासची नोटही परत देऊन आली. त्या बाईंनी ती घेतली नाही, हा भाग वेगळा. गल्लीत कुणी हळहळलं, कुणी "अगं, त्यात काय एवढं!" म्हणालं. समोरच्या काकूंनी पुन्हा सगळी शर्यत विचारून घेतली.

दुल्हेभाईंना दुपारी कळलं. ते खरोखर भडकले. म्हणाले, पोराची बेइज्जती आपल्याच हातानं केलीस. लोक विचारायला आले होते का? आपा पोळ्या लाटत होती. ती एवढंच म्हणाली, "ज्यांना पेढे दिले त्यांना निकाल द्यायला नको?"

आम्ही तिथं बसलो होतो आणि आमच्यापाशी यावर बोलायला काहीही नव्हतं.

मंगळवारी रात्री उशिरा छोटा हत्ती दारात आला. पोरगा उतरला, सलाम केला, हातपाय धुतले. दादीनं त्याला जवळ बसवून डोक्यावरून हात फिरवला. लागलं तर नाही ना, हा तिचा एकच प्रश्न होता, सीझनभर. जेवायला बसला. वाढता वाढता आपानं त्याला सांगून टाकलं की सगळ्या घरांत जाऊन मी खरं काय ते सांगून आले आहे, तेव्हा उद्या कुणी मुबारकबाद देणार नाही, तू बिनधास्त बाहेर जा.

त्याचा घास हातातच राहिला.

मग बोलला, ताटाकडे बघतच. "अम्मी, मला माहीत होतं. गाडी हलली तेव्हाच माहीत होतं. मला वाटलं कुणी बघितलं नसेल. सगळी शर्यत मी तेच घोकत होतो. पहिला फोन केला तेव्हाही माहीत होतं." आणि मग, "निकालाला तक्रार करायची मुदत असते. फी भरून करता येते. मित्र म्हणत होते कर, व्हिडिओत नीट दिसत नाही. मी नाही केली."

म्हणजे पेढे आले ते असे. पोरानं खोटं सांगितलं असं म्हणता येणार नाही, तो दुसरा आलाच होता. पण त्यानं खरंही सांगितलं नव्हतं. तेवढी दीड तासाची खुशी त्यानं घराला दिली होती, की स्वतः घेतली होती? आम्ही अजून ठरवू शकलो नाही. एकोणीस वर्षांच्या पोराकडून आम्ही याहून जास्त अपेक्षा ठेवावी का, हेही नाही. आमच्या एकोणिसाव्या वर्षी आम्ही बारावीचा नापासाचा निकाल चार दिवस खिशात घेऊन फिरलो होतो, हे आपाला आजही माहीत नाही. आता होईल.

दुल्हेभाई तेवढ्यात उठले आणि त्याच्यासमोर येऊन बसले. आम्हांला वाटलं, आता करार निघणार. ते म्हणाले, "हलली म्हणजे कशी? तू सोडलास क्लच, की दाबलेला असताना ओढली?"

"माझ्याच हातानं सुटला असेल."

"असेल नको. आठव. लिव्हर हँडलला टेकला होता का?"

पोरगा विचार करत राहिला. टेकला होता बहुतेक, म्हणाला. पण दिवे लागल्यावर बोटं घामानं सरकत होती. दुपारची चेन्नई, अंगात चामडं. २०२३ साली ग्रेटर नोएडाला मोटोजीपी झाली तेव्हा शर्यतीचे लॅप कमी करूनही होर्हे मार्टिन दुसरा येऊन उन्हानं कोलमडला होता. इकडे तर आपली पोरं. "नाही अब्बा, माझीच चूक. गाडीला काही झालं नव्हतं."

दुल्हेभाई काही बोलले नाहीत. पुढचे दोन दिवसही नाहीत. बुधवारी सकाळी नऊला पोरगा गॅरेजवर हजर होता, न सांगता. गिऱ्हाइकांच्या गाड्या धुतल्या, पंक्चरं काढली. रेसची गाडी कोपऱ्यात ताडपत्रीखाली. करार सगळ्यांना आठवत होता आणि कुणीच त्याचं नाव काढत नव्हतं.

शुक्रवारी जुम्यानंतर आम्ही गॅरेजवर गेलो. शटर अर्धं खाली. दुल्हेभाईंनी ताडपत्री काढली होती, तेल उतरवलं होतं आणि क्लचचं कव्हर उघडून प्लेटा एकेक करून कापडावर मांडल्या होत्या. क्लच दाबला की या प्लेटा एकमेकींपासून सुटायला हव्यात. एखादी तापून वाकली असेल तर पूर्ण सुटत नाहीत, आणि मग लिव्हर दाबलेला असला तरी गाडी हळूच पुढं ओढते. एवढं त्यांनी आम्हांला समजावून सांगितलं. शेवटच्या राउंडच्या आधी क्लच त्यांनीच भरला होता. कॉर्कच्या प्लेटा नव्या घातल्या. लोखंडी जुन्याच ठेवल्या. दिसायला सरळ होत्या, आणि टायरचा खर्च आधीच हाताबाहेर गेला होता.

बाकावर एक जाड काच ठेवली होती, आरशाच्या दुकानातून आणलेली. त्यावर ते लोखंडी प्लेट ठेवायचे आणि कडेनं फीलर गेजची पातळ पत्ती सरकवून बघायचे. पहिलीखाली पत्ती गेली नाही. दुसरीखाली नाही. चौथीच्या एका बाजूनं मात्र सहज आत गेली. त्यांनी प्लेट फिरवली, पुन्हा बघितलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

एवढ्यावरून त्या दिवशी गाडी प्लेटेनं ओढली की बोटं सरकली, हे कुणीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आम्ही तसं बोललोही. दुल्हेभाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. पोरगा बाहेर एका गाडीची चेन घट्ट करत होता. त्याला हाक मारली.

"हे बघ," म्हणाले, आणि पत्ती त्याच्या हातात दिली.

त्यानं वाकून पत्ती सरकवली. काढली. दुसऱ्या बाजूनं सरकवली. बराच वेळ काचेकडे बघत राहिला. आम्हांला वाटलं आता त्याचा चेहरा खुलेल, निदान सुटल्यासारखा तरी होईल. तसं काही झालं नाही.

"तरी मला कळायला हवं होतं, अब्बा," तो म्हणाला. "वॉर्म-अप लॅपला पण थोडी ओढत होती. पुढच्या वेळी मी आधीच..."

आणि थांबला. पुढच्या वेळी, हे त्याच्या तोंडून निघून गेलं होतं. त्यानं आमच्याकडे बघितलं, आम्ही साक्षीदार ना. आम्ही भिंतीवरच्या टायरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो.

दुल्हेभाईंनी वाकलेली प्लेट उचलून वेगळी ठेवली. बाकीच्या रॉकेलच्या डब्यात सोडल्या.

"पत्ती पुसून जाग्यावर ठेव," ते म्हणाले. "आणि पाचवी बघायची राहिली आहे, ती काचेवर घे."